टॅब विहिरीत पडला तर?

हमीभावानं कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी. पेरा नोंदवायचा तर ई-पीक पाहणी. शेतकरी ओळख क्रमांक पोर्टलवर, अंगणवाडीचा हिशेब पोषण ट्रॅकरवर. २०२७ ची जनगणनाही देशात पहिल्यांदाच कागदाऐवजी अ‍ॅपवर व्हायची आहे. गावातलं निम्मं काम असं काचेवर आल्यावर बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी केंद्रवाले टॅबलेट घेऊ लागले यात नवल नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांचं छोटं केंद्र चालवतो. त्यामुळे खोका घेऊन माणूस थेट माझ्याकडे येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “भाऊ, टॅब तं घेतला, पन आता याचं करू काय?”

मी उलट विचारतो, “काका, हा उद्या विहिरीत पडला तं तुमचं किती काम बुडंल?” बहुतेकांना हा प्रश्न अपशकुनी वाटतो. पण टॅब कसा लावून घ्यायचा, याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मोबाइल असताना टॅब कशाला?

टॅब म्हणजे मोठ्या काचेचा मोबाइल, असं म्हटलं तर फारसं चुकत नाही. आतली यंत्रणा तीच असते, बहुतेकांत अँड्रॉइड. फरक पडतो तो काचेच्या आकारानं. मोबाइलवर दहा रकान्यांचा तक्ता उघडला की एका वेळी तीन रकाने दिसतात, बाकीचे बोटानं सरकवत बसायचं. टॅबवर आख्खी ओळ दिसते. समोर बसलेल्या शेतकऱ्याला “हे पाहा, तुमचं नाव, तुमचं वजन” असं दाखवता येतं. माझ्या मते टॅबचा सगळ्यात मोठा फायदा हाच, कारण ज्याची नोंद आहे त्यालाही ती वाचता येते.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. मोबाइल माणसाचा असतो, टॅब कामाचा असू शकतो. सचिव ताईंच्या मोबाइलवर गटाचा हिशेब असेल तर त्या माहेरी गेल्या की हिशेबही माहेरी जातो.

मग कॉम्प्युटरच का नको? ज्यांचं काम टेबलावरचं आहे त्यांनी तोच घ्यावा. डिजिटल सहीची यूएसबी चावी लावून करायची कामं साधारणपणे विंडोजच्या कॉम्प्युटरवरच होतात, टॅबवर अडतात. पण ज्याला काट्यापाशी, खळ्यात, बैठकीत उभ्यानं नोंद करायची आहे आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्याला टॅब बरा.

दुकानात काय विचाराल

दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगेल. तुम्ही रॅम आणि स्टोरेज विचारा. स्टोरेज म्हणजे कणगी, किती धान्य मावतं ते. रॅम म्हणजे खळं, एका वेळी किती माल पसरून काम करता येतं ते. कणगी कितीही मोठी असली तरी खळं चिंचोळं असेल तर मळणी अडते. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. तापतात, मध्येच अडकतात, ही त्यांची तक्रार होती. कमी ताकदीच्या यंत्रावर जड अ‍ॅप चालवलं की असंच होतं. आजच्या घडीला ४ जीबी रॅमच्या खाली उतरू नका. जमलं तर ६ घ्या. स्टोरेज ६४ जीबी तरी हवं, कारण त्यातला बराच भाग यंत्रणाच खाते.

सिमचा टॅब घ्यायचा की नुसता वायफायचा? काम चार भिंतींत असेल तर वायफायचा घ्या आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवा. शिवारात जायचं असेल तर सिमवाला. मात्र सिमची जागा असली म्हणजे फोन लागेल, मेसेज येईल असं समजू नका. काही टॅबमध्ये सिम फक्त इंटरनेटपुरतं चालतं. म्हणून पैशांची अ‍ॅप टॅबवर टाकण्याचा आग्रह सोडा. यूपीआयला बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच यंत्रात लागतं आणि त्यावरून मेसेजही जावा लागतो. ते मोबाइलवरच राहू द्या.

शेताची जागा नोंदवायची असेल तर आणखी एक गोष्ट पाहा, टॅबमध्ये जीपीएस आहे का. नुसत्या वायफायच्या काही टॅबमध्ये ते नसतं. आणि जे अ‍ॅप चालवायचं आहे ते त्या टॅबवर चालतं का, हे दुकानातच प्ले स्टोअर उघडून बघा. काही अ‍ॅप मोबाइलसाठीच बनलेली असतात. टॅबवर ती मधोमध अरुंद पट्टीत उघडतात, नाहीतर उघडतच नाहीत.

खातं हा टॅबचा सातबारा

टॅब पहिल्यांदा चालू केला की तो गुगल खातं मागतो, म्हणजे एक ईमेल आणि पासवर्ड. बहुतेक जण इथेच घसरतात. घाई असते, दुकानातला पोरगा म्हणतो, “माझंच टाकून देतो, मंग बदलवजा.” पुढे कोणी बदलत नाही.

आमच्या बाजूच्या एका शेतकरी कंपनीत हेच झालं. टॅब दुकानातल्या पोराच्या खात्यावर दीड वर्ष चालला. सोयाबीनची खरेदी, शेतकऱ्यांची नावं, सगळं त्यात. एक दिवस टॅब अडकला, कोणीतरी बटणं दाबून तो कोरा केला, म्हणजे फॅक्टरी रीसेट. चालू झाल्यावर टॅब म्हणाला, आधीचं खातं टाका. ही चोरीपासून बचावाची सोय आहे. चोरानं टॅब कोरा केला तरी जुन्या मालकाचा पासवर्ड दिल्याशिवाय तो उघडत नाही. इथे मात्र टॅबच्या लेखी मालक होता दुकानातला पोरगा. तो पुण्याला कंपनीत लागलेला आणि पासवर्ड विसरलेला. टॅब माझ्याकडे आला तेव्हा मीही काही करू शकलो नाही.

जमीन कोण वाहतो यापेक्षा सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे जसं महत्त्वाचं, तसंच हे. म्हणून गटाच्या, कंपनीच्या किंवा दुकानाच्या नावानं नवीन खातं काढा. त्याला जो मोबाइल नंबर जोडाल तो संस्थेचा असू द्या आणि त्याचा रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याच माणसाला मिळतो आणि तुमचा ओटीपी त्याच्या घरी वाजतो. पासवर्ड दोन जबाबदार माणसांना माहीत असावा.

मग दुहेरी पडताळणी सुरू करा. म्हणजे नुसता पासवर्ड पुरत नाही, मोबाइलवर आलेली खूणही द्यावी लागते. ती सुरू केल्यावर खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये गुगल दहा राखीव क्रमांक (बॅकअप कोड) काढून देतं. मोबाइल हरवला तर त्यातला एकेक क्रमांक एकदा वापरता येतो. ते कागदावर उतरवून गटाच्या पेटीत, ठराव वहीसोबत ठेवा. टॅबमध्ये फोटो काढून ठेवू नका. किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखं होतं ते. (हे करणारे मी तिघे पाहिले. त्यातला एक मी.)

आता विहिरीकडे या. घरातला सातबाऱ्याचा उतारा उंदरानं खाल्ला म्हणून शेत जात नाही, कारण नोंद तहसिलीत असते आणि उतारा पुन्हा निघतो. क्लाउड म्हणतात ते हेच. दूर कुठल्या तरी इमारतीतल्या कॉम्प्युटरांवर तुमची मूळ नोंद असते, टॅबवर दिसतो तो उतारा. गुगल खात्याबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्यात ईमेल, फोटो आणि फाइली सगळेच वाटेकरी. कामाच्या खात्यात लग्नाचे व्हिडिओ भरू लागले की हिशेबाला जागा उरत नाही. फोटोंचा आपोआप बॅकअप बंद करा आणि कामाची कागदपत्रं तेवढी त्या खात्याच्या गुगल ड्राइव्हमध्ये टाका.

“आमच्या शिवारात रेंजच नाई, तं हा काय कामाचा?”

हा आक्षेप खरा आहे आणि शहरात बसून अ‍ॅप बनवणाऱ्यांना तो कळत नाही. टिपेश्वरच्या जंगलाकडच्या पट्ट्यात जा नाहीतर मेळघाटात, रेंज टेकडीवरच्या एखाद्या झाडाखाली असते आणि ते झाड सगळ्या गावाला माहीत असतं.

पण नेट नसणं आणि काम बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी पत्र घरी बसून लिहायचो आणि पोस्टाची पेटी लागेल तेव्हा टाकायचो. चांगलं अ‍ॅप तसंच वागतं. नोंद टॅबवर लिहून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. या पाठवण्याला सिंक म्हणतात. तुमच्या कामाचं अ‍ॅप पत्रासारखं आहे की फोनसारखं, हे आधी तपासा. गुगल शीट, म्हणजे हिशेबाचा तक्ता, पत्रासारखी चालते, फक्त घरून निघण्याआधी, नेट असताना, त्या फाइलीवर ‘ऑफलाइन उपलब्ध’ हे चालू करावं लागतं. गुगल फॉर्म मात्र फोनसारखा आहे; नेट नसेल तर भरलेलं जात नाही. गावोगाव सर्वे करायचा असेल तर कोबोकलेक्टसारखं अ‍ॅप घ्या. ते शंभर फॉर्म पोटात धरून संध्याकाळी एकदम पाठवतं. नकाशाचंही तसंच. गुगल मॅप्समध्ये आपला तालुका आधी उतरवून ठेवता येतो.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते आभाळातल्या उपग्रहांचं ऐकतं. रेंज नसली की जागा सापडायला जरा वेळ लागतो, एवढंच. झाडाखाली, टिनाखाली उभं राहून चिडू नका, उघड्यावर या आणि एक-दोन मिनिटं थांबा.

एक धोका सांगतो. दोन टॅबवर एकच शीट नेटशिवाय उघडली आणि दोघांनी एकाच चौकोनात वेगवेगळं वजन लिहिलं, तर रेंज आल्यावर त्यातलं एकच उरतं. आमच्याकडे एकदा असा साडेतीन क्विंटल कापूस कागदावरून नाहीसा झाला. काट्याची पावती होती म्हणून निभावलं. आता एक काटा, एक टॅब, एक शीट असा नियम आहे आणि रात्री सगळ्यांची बेरीज वेगळ्या शीटमध्ये होते.

पहिला आख्खा हंगाम वही बंद करू नका. टॅब आणि वही दोन्ही चालवा आणि आठवड्याला बेरीज ताडून पाहा. दुप्पट काम आहे, कबूल. पण ज्यांनी पहिल्याच दिवशी वही टाकून दिली ते दिवाळीनंतर पुन्हा वहीवर आलेले मी पाहिलेत, आणि त्यांचा टॅब आता पोरं गाणी ऐकायला वापरतात.

“बापा, हे सारं इंग्रजीत हाये!”

सेटिंगमध्ये भाषा मराठी करा, टॅब मराठी बोलू लागतो. पण खरं सांगतो, मी ती इंग्रजीतच राहू देतो. अडचण आली की फोनवरून समजावणारा इंग्रजी शब्द सांगतो आणि आपल्या समोर ‘अनुमती व्यवस्थापित करा’ लिहिलेलं असतं. ज्याला जे सोयीचं.

लिहिणं मात्र मराठीत व्हावं. गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडली की तीन वाटा मिळतात. देवनागरी अक्षरं दाबायची, इंग्रजी अक्षरांत मराठी उच्चार लिहून शब्द निवडायचा, किंवा माइक दाबून बोलायचं. साठीच्या काकांना बोलणं आवडतं. अडचण अशी की वऱ्हाडी बोललं की टॅब गोंधळतो. ‘मले पायजे’ म्हटलं की तो काय उमटवेल याचा भरवसा नाही. तेवढ्यापुरतं पुस्तकी बोलावं लागतं, याचा मला दर वेळी थोडा राग येतो.

अंकांचं एक बारीक प्रकरण आहे. शीटमध्ये वजन, ओलावा, रक्कम इंग्रजी अंकांतच भरा. मराठी अंक बऱ्याचदा शीटला आकडे वाटत नाहीत, ती त्यांना अक्षरं समजते आणि बेरीज शून्य दाखवते. हिशेब बरोबर असून बेरीज शून्य आली की माणूस यंत्रालाच शिव्या देतो.

दुसरं प्रकरण जुन्या फाइलींचं. ग्रामपंचायतीची किंवा टायपिंगवाल्याकडची दहा वर्षांपूर्वीची फाइल टॅबवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरच असायचं, त्याला फक्त मराठी कपडे चढवलेले. कपडे तुमच्या टॅबवर नाहीत म्हणून आतलं दिसतं. आता युनिकोड ही पद्धत आहे, तीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि ते कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसतं. जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या, किंवा ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याला पीडीएफ करून मागा.

ऊन, रुई आणि लाइन

आयपॅडची कंपनी सांगते की यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि बंद गाडीच्या काचेमागे त्याहून किती तरी जास्त. बॅटरी तापली की टॅब स्वतःहून काच अंधारी करतो, चार्जिंग थांबवतो, कधी बंदच पडतो. ते बिघडणं नाही, जीव वाचवणं आहे. सावलीत न्या, कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डबक्याच्या पाण्यानं गेले नसतील तितके टॅब या दवानं जातात, असा माझा संशय आहे.

उन्हात काच दिसत नाही याला फार इलाज नाही. उजेड पूर्ण वाढवला तर बॅटरी भराभर उतरते. काट्यापाशी ताडपत्रीचा आडोसा करणं जास्त कामाचं.

चार्जिंगचं गणित समजून घ्या. ८००० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते, त्याचं हे माप) बॅटरी म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. घरातला जुना ५ वॉटचा चार्जर लावला तर भरायला सात-आठ तास जातात. १५ वॉटच्या चार्जरनं, टॅबला तो चालत असेल तर, अडीच-तीन तास. लाइन दिवसातून चार तासच राहत असेल तर हा फरक पूर्ण हंगामाचा फरक आहे. पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेलं असलं तरी व्होल्टेज बदलताना त्यातलं बरंच जातं आणि असा टॅब तिच्यातून पूर्ण एकदाही भरत नाही. २०,००० ची घ्या.

बॅटरी पार संपून टॅब काही दिवस पडून राहिला तर तारीख मागे जाऊ शकते. मग प्रत्येक वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते आणि माणूस समजतो की व्हायरस आला. तारीख बरोबर केली की सगळं सुरळीत.

जिनिंगजवळ काम असेल तर चार्जिंगच्या भोकात रुईचे तंतू जाऊन बसतात. वायर ढिली झाली असं वाटतं. टॅब बंद करून लाकडी दातकोरणीनं हलक्या हातानं काढा. सुई नको.

“सारं गुगलच्या घरी ठेवाचं, अन् कोनी चोरलं तं?”

कंपनीच्या कॉम्प्युटरवर माहिती ठेवणं म्हणजे तिच्यावर विश्वास टाकणं, हे खरंच आहे. म्हणून जे ठेवायची गरज नाही ते ठेवू नका. खरेदीच्या यादीत आधार क्रमांकाचा रकाना कशाला? लोकांच्या आधारचे, पासबुकाचे फोटो गॅलरीत महिनोन्‌महिने पडून असतात. काम झालं की पुसा. गॅलरीतल्या कचरापेटीतूनही पुसा.

पण गावात माहिती जाते ती बहुतेक वेळा गुगलच्या घरून नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरून. पीएम किसानच्या नावाची फाइल येते, गाडीच्या चलनाची येते, लग्नपत्रिकाही येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. एपीके म्हणजे पत्रिका किंवा कागद नव्हे, ते आख्खं अ‍ॅप आहे. उघडून परवानगी दिली की तुमचे मेसेज, तुमचे ओटीपी दुसरीकडे जाऊ शकतात. प्ले स्टोअरच्या बाहेरून काहीही टाकायचं नाही, मग पाठवणारा सरपंच असो की सख्खा भाऊ, कारण त्याचंही व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या हाती गेलेलं असू शकतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडण्याची शक्यता जास्त.

घरच्या पोरांना टॅब देऊच नका, हे सांगणं सोपं आहे, पाळणं नाही. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये वेगळा वापरकर्ता बनवता येतो. पोरांच्या बाजूला गेम, तुमच्या बाजूला हिशेब, मध्ये कुलूप. ती सोय नसेल तर निदान स्क्रीन लॉक लावा आणि तो ‘१२३४’ नको.

टॅब दुसऱ्या हातात जाताना

गटाच्या पदाधिकारी बदलतात, टॅब जुना होतो, विकला जातो. नव्या सचिव ताईंकडे टॅब सोपवाल त्या दिवशीच खात्याचा पासवर्ड बदला, जोडलेला नंबर तपासा आणि जुन्या मोबाइलवर ते खातं उघडं राहिलं असेल तर खात्याच्या सुरक्षा पानावरून साइन आउट करा. यात कोणावर अविश्वास नाही. गोदामाची चावीसुद्धा आपण हातोहात देऊन सही घेतो.

टॅब हरवला तर दुसऱ्या मोबाइलवरून ‘फाइंड हब’मध्ये (पूर्वीचं फाइंड माय डिव्हाइस) तेच खातं टाका. टॅब चालू असेल आणि नेटला जोडला गेला की कुठे आहे ते दिसतं, तो दुरून कोराही करता येतो. विहिरीतला अर्थातच दिसत नाही. त्याच्या जागी नवीन टॅब घ्यायचा, तेच खातं टाकायचं आणि चहा पिऊन यायचं, तोवर यादी परत आलेली असते. पण शेवटची सिंक कधी झाली होती? तेवढ्यापर्यंतचीच. म्हणून संध्याकाळी रेंजच्या झाडाखाली पाच मिनिटं उभं राहिल्याशिवाय घरी जायचं नाही.

आणि विकताना थेट बटणं दाबून कोरा करू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं काढा, मेमरी कार्ड आणि सिम बाहेर घ्या, मग रीसेट. नाहीतर घेणारा चार दिवसांनी तो टॅब घेऊन माझ्याच केंद्रावर येतो.